लांब रेघ

माझ्या धाकट्या मेहुण्याचं लग्न एकदा मोडून पुन्हा जमलं, त्या वर्षी माझी मुलगी आठवीत होती. वर्षाचा आकडाही सांगता येईल, पण तो मी नंतर मागे मोजत जाऊन काढलेला आहे. मनात ते वर्ष मेहुण्याच्या लग्नाचंच आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला वर्षं अशीच ओळखावी लागतात, कुणाच्या जन्मावरून, कुणाच्या भांडणावरून. बायको भावाची समजूत काढायला म्हणून चार दिवसांसाठी गेली आणि तीन आठवड्यांनी, लग्न लावूनच परत आली. त्या तीन आठवड्यांत घरी मी आणि मुलगी दोघंच. मी करपवलेलं ती गुपचूप खायची आणि तिने खारट केलेलं मी. बायको चौथीपर्यंत शिकलेली होती आणि घरात येणारा प्रत्येक कागद, अगदी पुडीचासुद्धा, तिच्या डोळ्यांखालून जायचा. ती घरी असती तर पुढचं काही झालं नसतं. हे वाक्य मी मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलं आहे की आता ते जिन्याच्या कठड्यासारखं गुळगुळीत झालंय. हात ठेवला की घसरतो.

हे सगळं पुन्हा वर यायचं कारण तसं फार लहान होतं. गेल्या महिन्यातली रविवारची सकाळ. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर चहाचे कप आणि नातीच्या शाळेतून आलेले दोन कागद. मी मुलीकडेच राहतो. जावई फिरतीच्या नोकरीवर, महिन्यातले आठ दिवस घरी. नात नववीत आहे. घरात तिला आम्ही वकीलसाहेब म्हणतो, कारण दूध पी म्हटलं तरी ती आधी का ते विचारते. तिच्या शाळेत आता आठवड्यातून एक तास व्यवसाय मार्गदर्शनाचा असतो. मुलांच्या चाचण्या घेतात, काय आवडतं, काय जमतं ते विचारतात आणि शेवटी घरी कागद पाठवतात की या मुलीला अमुक शाखा योग्य वाटते, पालकांनी सही करावी. वकीलसाहेबांच्या चाचणीत असं निघालं होतं की प्राण्यांबरोबरचं काम त्यांना चांगलं जमेल. मुलगी म्हणाली, म्हणजे घरात राहून सराव झालेलाच आहे. नात आधी रुसली आणि मग आमच्याआधी हसली. मुलीने कागद पुढे ओढला, चष्मा लावला आणि वाचायला घेतला. एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला. उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. नात म्हणाली, आई, सही करायची आहे, पाठ नाही करायचा. तेव्हा कागदावरची नजर न उचलता मुलगी म्हणाली, "तुझं नशीब चांगलं. तुला विचारतायत तरी. आमच्या वेळी आजोबांनी ठरवलं."

एवढंच. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. बाहेर ऊन पडलंय असं सांगावं तसं सांगितलं आणि तिने चहाचा घोट घेतला. पण माझ्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला. नातीने लगेच वकिली डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. काय ठरवलंत हो आजोबा? मी म्हटलं, जुनी गोष्ट आहे. दुसरा कागद माझ्यासाठी होता, तो उचलून मी गॅलरीत जाऊन बसलो. मागे मायलेकींचं दुसरंच काहीतरी सुरू झालं, कुणाच्या तरी वाढदिवसाला जायचं की नाही ते.

कागद हातात आला की मी तो आधी अंगठ्याने तपासतो. सवय जात नाही. हल्लीच्या कागदावर अक्षरं नुसती बसलेली असतात. आमच्या वेळी ती कागदात शिरायची, पाठीमागून हात फिरवला तर बोटाला कळायची. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीची मुलाखत. खाली पाच प्रश्न. पहिला प्रश्न: तुम्ही तुमचं काम कसं निवडलं? मी तो चार वेळा वाचला. मी हळू वाचतो, पण चार वेळा वाचण्याचं कारण ते नव्हतं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक बाई चादरी वाळत घालत होती. प्रत्येक चादर झटकून, कोपरे जुळवून, मग दोरीवर. तिला जाऊन विचारावंसं वाटलं, बाई, हे तुम्ही कसं निवडलंत? मी काही निवडलं नव्हतं. अकराव्या वर्षी मामाने हाताला धरून छापखान्यात नेलं, मालकाशी दोन वाक्यं बोलला आणि मला एका स्टुलावर बसवून निघून गेला. दारातून वळून म्हणाला, नीट राहा. पुढची चव्वेचाळीस वर्षं मी नीट राहिलो. शाईचा वास पहिले आठ दिवस डोक्यात चढला आणि मग कायमचा हरवला. लोक म्हणायचे तुमच्या अंगाला शाईचा वास येतो, आणि मला ते इतर कुणाबद्दल तरी बोलल्यासारखं वाटायचं.

छापखान्यात काम करणाऱ्याला वाचता येत नाही हे ऐकून लोक हसतात. पण मशीन चालवणाऱ्याला वाचायचं नसतंच. आमचा मालक तर म्हणायचा, मशीनवाल्याने वाचू नये, वाचायला लागला की हात अडकतो. पाय पट्टीवर, एका हाताने कोरा कागद आत, दुसऱ्या हाताने छापलेला बाहेर, आणि मध्ये लोखंडाचा जबडा उघडतोय, मिटतोय. बघायचं ते एवढंच की शाई सारखी लागते का, चारी बाजूंचा समास नीट आहे का, रेघ तुटली का. मला आकडे येत होते. अक्षरं मी पाहत होतो रोज हजारो, पण माणसं पाहावीत तशी, रस्त्यावरून जाताना, नाव माहीत नसलेली. वाचता येणारे सगळे दुसऱ्या खोलीत, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, खणांपाशी. तिथे आमचा जुळारी बसायचा, खिळे जुळवणारा. माझ्याच वयाचा, पण आठवी शिकलेला. तो मला अंगठाबहाद्दर म्हणायचा, आणि मी त्याला म्हणायचो, तू उलटं वाचणारा, तुझं काय खरं. बाहेरच्या जगात मात्र मी चोरासारखा वावरायचो. चष्मा घरी राहिला, आत्ता घाई आहे, घरी नेऊन निवांत बघतो, अशी पाचसहा वाक्यं माझ्याकडे तयार असत. सही तेवढी येत होती. लग्नानंतर बायकोने ती मला चित्रासारखी गिरवून शिकवली होती. लपेट्यासकट सव्वादोन इंच लांब. पट्टीने मोजली तरी बारीकसा फरक निघायचा नाही.

मुलीचा दोन्हींवर जीव होता, वाचण्यावर आणि मशीनवर. शाळेतून सुटली की सरळ छापखान्यात यायची आणि कोपऱ्यात कागदाच्या गठ्ठ्यावर बसून पुस्तक वाचायची. वाचता वाचता मान न वळवता सांगायची, बाबा, जबडा परत येताना काहीतरी घासतंय. आणि खरंच घासत असायचं. घरातली इस्त्री बंद पडली तेव्हा तिने ती स्वतः उघडली, बायको ओरडत असताना पुन्हा जोडली, आणि इस्त्री चालली. त्या वर्षी तिच्या शाळेत मार्गदर्शनाच्या बाई पहिल्यांदाच आल्या होत्या. लाकडी ठोकळे जुळवायला दिले, चित्रं दिली, प्रश्न विचारले. ठोकळ्यांत माझी मुलगी सगळ्या शाळेत पहिली आली. नववीपासून मुलांना दोन वाटा होत्या, एक तांत्रिक आणि एक सर्वसाधारण. तांत्रिकला जागा थोड्या, आणि मुली नव्हत्याच. बाईंनी तिच्या कागदावर तांत्रिक असं लिहून घरी पाठवलं. हे सगळं मला फार नंतर नीट कळलं. त्या संध्याकाळी मला एवढंच दिसलं की मुलीने ताटाशेजारी एक कागद ठेवला आणि म्हणाली, बाबा, उद्या सही करून द्यायचाय.

कागद मी ओळखला. आमच्याच छापखान्यात, माझ्याच मशीनवर तीनशे प्रती निघाल्या होत्या. फार स्वच्छ काम होतं, मालकाने वाखाणलं होतं. खाली सहीसाठी दोन रेघा होत्या. एक वर, डावीकडे, जेमतेम सव्वा इंचाची. एक खाली, उजवीकडे, चांगली अडीच इंच. मी दोन्हींकडे छापणाऱ्याच्या डोळ्याने पाहिलं. वरच्या रेघेत माझी सही मावणार नव्हती, म्हणजे ती दुसऱ्या कुणासाठी असणार, शाळेसाठी वगैरे. माझी रेघ खालची. जन्मभर मी जेवढे कागद छापले त्यात मोठ्या माणसाची सही खाली उजवीकडेच असायची. मुलगी समोर बसून भात कालवत होती. मी पेन उघडलं, लपेट्यासकट सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. ती कागदाकडे बघत राहिली. घास हातातच होता. मला वाटलं, सही चांगली आली म्हणून बघतेय.

चारपाच दिवसांनी बाई स्वतः छापखान्यात आल्या. तरुणच होत्या, खांद्याला पिशवी, पायाला धूळ. मी मशीन थांबवलं तसे त्या शांततेत सगळे ऐकायला लागले. त्यांनी पिशवीतून तो कागद काढला.

"सही तुम्हीच केलीत ना?"

"मीच."

"विचार करून?"

"विचार केल्याशिवाय मी सही करत नाही."

त्या कागद माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "एकदा परत वाचून बघाल? माझ्यासाठी म्हणून."

मी कागद घेतला. उजेडाकडे धरला. दोन्ही बाजू पाहिल्या, अंगठा फिरवला, एक माणूस कागद वाचायला जेवढा वेळ घेतो तेवढा वेळ मोजून घेतला. ती कला मला अवगत होती. मग म्हटलं, "वाचलं. ठीक आहे." आणि वर म्हटलं, "छपाई आमचीच आहे." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं काय करायचं ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, बाईमाणूस छापखान्याला घाबरली. कागद नीट घडी करून त्या गेल्या आणि मी पट्टीवर पाय ठेवला.

मुलगी सर्वसाधारण शाखेत गेली. चांगले गुण मिळवून पास झाली, पुढे शिकली, परीक्षा देऊन सरकारी कचेरीत दाखल्यांच्या खिडकीवर लागली. लग्न झालं. मी एक शिकलेली, नोकरी करणारी मुलगी असलेला बाप होतो आणि त्यात सुखी होतो. मग छापखाना बंद पडायला आला. शेवटच्या वर्षात काम इतकं थोडं की दुपारी मशीनवर फडकं टाकून आम्ही नुसते बसायचो. जुळारी एका दुपारी म्हणाला, ये रे अंगठाबहाद्दर, नाहीतरी माश्याच मारतोयस. आणि त्याने माझ्या तळहातावर एक खिळा ठेवला. पंचावन्नाव्या वर्षी मी क शिकलो तो शिशाचा, थंड आणि उलटा. मी सगळी अक्षरं आधी उलटीच शिकलो. अजूनही आरशात दिसणारी पाटी मला सरळ पाटीपेक्षा लवकर वाचता येते. नात त्यावरून शाळेत पैजा जिंकते. सहा महिन्यांत मी ओळ वाचायला लागलो. प्रत्येक अक्षर लागलं की छातीत काहीतरी दारासारखं उघडायचं, आणि त्याची मला या वयात लाजही वाटायची. वाचायला काय, हाताशी येईल ते. छापखान्यात प्रत्येक कामाची एक प्रत नमुना म्हणून गठ्ठ्यात बांधून ठेवलेली असे. त्या गठ्ठ्यांतून मी माझंच आयुष्य वाचत चाललो होतो, लग्नपत्रिका, औषधांची वेष्टणं, पावत्या. एका दुपारी तो कागद हाती आला. लहान रेघेवर लिहिलं होतं, शिफारस मान्य आहे. लांब रेघेवर लिहिलं होतं, शिफारस मान्य नाही.

मी ते जुळाऱ्याला वाचून दाखवलं, धडा वाचावा तसं, एकेक अक्षर. तो म्हणाला, बरोबर. मग माझ्या तोंडाकडे पाहून उठून जवळ आला. मी त्याला सांगितलं. तो बराच वेळ ब्रशने खिळे घासत राहिला. शेवटी म्हणाला, रेघ छापायची लांब पट्टी एकच उरली होती रे. दुसरी रेघ तुकड्याची केली. तीनशे प्रतींत कुणी तक्रार केली नाही. मी म्हटलं, तुझा काय दोष. तो म्हणाला, दोष नाही, पण पट्टी माझीच. आम्ही दोघं दोन मुलांसारखे त्या स्टुलांवर बसून होतो आणि बाहेर कुणीतरी सायकलची घंटी उगाच वाजवत होतं. ठोकळ्यांत पहिली आलेली मुलगी. समोर भात कालवणारी. तिने सतरा वर्षं मनात काय धरलं असेल ते मला एकदमच दिसलं. आपल्या बापाने बाईंचं म्हणणं वाचलं, विचार केला आणि ठरवलं की हिच्याच्याने हे व्हायचं नाही.

त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तिला तेव्हा दिवस गेले होते, म्हटलं आता नको. मग नात लहान होती. मग बायकोचं दुखणं. न सांगण्याला कारणांचा तोटा नसतो. एकदा मला दाखला हवा होता म्हणून मी तिच्या कचेरीत गेलो, तर रांगेत उभं राहून तिचं काम पाहत राहिलो. खिडकीपाशी कुणी अर्ज घेऊन आलं की ती एक लाकडी पट्टी उचलायची, सहीच्या रेघेच्या बरोबर खाली टेकवायची आणि वर काय लिहिलंय ते सहज बोलल्यासारखं बोलायची: याचा अर्थ तुम्ही पत्ता बदलताय, इथे सही. माझ्यापुढे एक हमाल होता, त्याच्यापुढे कोटातला कुणी साहेब. साहेबालाही पट्टी. तो जरा चिडला, मला वाचता येतं म्हणाला. ती म्हणाली, हो ना, सगळ्यांनाच येतं, आणि पट्टी तिथेच. मला बरं वाटलं होतं. वाटलं होतं, काम नेटकं करते, छापणाऱ्याची पोर आहे.

आणि आता ती टेबलाशी बसून म्हणाली होती, आजोबांनी ठरवलं. म्हणजे ते तिथेच होतं, बत्तीस वर्षं, जसंच्या तसं. गॅलरीत ऊन पायापर्यंत आलं. चादरीवाली बाई गेली होती, चादरी फुगत होत्या. मला सत्तर वर्षं झालीत. तिची ही समजूत तशीच ठेवून मी गेलो तर ती माझ्याबरोबर जाणार नाही, तिच्यापाशीच राहील. एवढा साधा हिशेब करायला मला एक सकाळ लागली. नात मैत्रिणीकडे जाते म्हणाली आणि तिची जिना उतरणारी पावलं ऐकू आली. मी उठलो.

मुलगी नातीचा गणवेश इस्त्री करत होती. मी टेबलाशी बसलो आणि मनात जुळवून ठेवलेलं सगळं विसरून म्हटलं, "त्या वर्षी मी काही ठरवलं नव्हतं. मला वाचता येत नव्हतं. लांब रेघ दिसली म्हणून तिथे सही केली."

तिने बाहीची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "माहीत आहे," ती म्हणाली.

मला वाटलं तिने नीट ऐकलं नाही. तिने इस्त्री उभी ठेवली. "बाबा, मी समोरच बसले होते. तुम्ही कागद कसा बघत होतात ते मला दिसत होतं. त्याच्या आधीपासून मला ठाऊक होतं. तुम्ही वर्तमानपत्र किती वेळात उलटता ते आई आणि मी मोजायचो."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? बाबा, तुम्हाला वाचता येत नाही, असं?"

बाहेर चादरींची फडफड कमी झाली होती. ती सांगत गेली, मधूनमधून इस्त्री फिरवत. बायको लग्नाहून आली त्याच दिवशी मुलीने तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघी शाळेत गेल्या. बाईंना आधीच शंका आली होती, म्हणून तर त्या छापखान्यात आल्या होत्या, आणि तिथे त्यांना कळलं. पण यादी वर गेली होती. बदलायची तर वडिलांच्या सहीचा अर्ज हवा होता, की मी न वाचता सही केली, आणि तो घेऊन वडिलांनी मुख्याध्यापकांसमोर उभं राहायचं. बाई म्हणाल्या, मी बोलते वडिलांशी. घरी येताना बायकोने तिला रस्त्यात थांबवून विचारलं, काय करायचं.

"मी विचारलं, बाबांच्या मनाला किती लागेल? आई म्हणाली, खूप. मग मी म्हटलं, राहू दे."

"चौदा वर्षांची होतीस तू."

"हो. आणि नंतर दोन वर्षं तुमच्याशी धड बोलले नाही. तुमच्या लक्षात नाही आलं?"

"मला वाटलं, वयात आलीस."

ती हसली. आईसारखी हसते, आवाज न करता, खांद्यांनी. मी म्हटलं, मग सकाळी पोरीला तसं का सांगितलंस. ती म्हणाली, दुसरं काय सांगू? आजोबांना वाचता येत नव्हतं म्हणून? त्यापेक्षा आजोबांनी ठरवलं हे बरं. मी तिच्या हातातल्या इस्त्रीकडे पाहत होतो. तीच जुनी. मूठ बदललेली, वायर दोनदा बदललेली. मी म्हटलं, तुला मशीन आवडायचं. ती म्हणाली, अजून आवडतं, आणि मग जरा वेळाने, लागलं नाही असं नाही बाबा, लागलं. तिचं होतं ते, तिला म्हणू दिलं.

मग मी कागद पुढे घेतला आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. मी निवडलं नाही, मामाने बसवलं. मला वाचता येत नव्हतं, तरी चव्वेचाळीस वर्षं छपाई केली. काम पुढे आवडायला लागलं. वाचायला पंचावन्नाव्या वर्षी शिकलो. लिहिताना मुलगी मागे येऊन उभी होती. तिने दुसरी ओळ वाचली आणि म्हणाली, वकीलसाहेब हे वर्गात वाचून दाखवतील हं. मी म्हटलं, दाखवू देत. शेवटी मुलाखत देणाऱ्याच्या सहीसाठी रेघ होती. मी पेन टेकवणार तेवढ्यात तिने टेबलावरची नातीची पट्टी उचलली आणि त्या रेघेखाली ठेवली. मी मान वर करून म्हटलं, आता येतं मला वाचता.

"राहू दे," ती म्हणाली. "सगळ्यांनाच ठेवते मी."

रेघ आखूड होती. सही सव्वादोन इंचच आली, रेघ ओलांडून समासात गेली. मुलीने सकाळचा तो शिफारशीचा कागद घेतला, आणखी एकदा वाचला आणि सही केली.

बायकोला हे सगळं ठाऊक होतं आणि बत्तीसातली एकोणतीस वर्षं ती माझ्यासमोर बसून जेवली. मी ओळ वाचायला लागलो त्या संध्याकाळी तिने मला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावलं आणि तेवढा वेळ हातातलं काम बाजूला ठेवून बसली, पण त्या कागदाबद्दल एक शब्द कधी काढला नाही. आता तिला विचारता येत नाही. ती तीन वर्षांपूर्वी, नातीची सहामाही परीक्षा चालू होती त्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी सव्वासहा वाजता गेली.